सर्व्हरवाले सर

'सर्व्हर डाऊन आहे' हे वाक्य निलंगा तालुक्यात शेंबड्या पोरालाही येतं. रेशन दुकानात अंगठा उमटला नाही, पीक विम्याचा अर्ज अडकला, सातबारा निघाला नाही, की खिडकीपलीकडून हेच उत्तर. म्हणून जो माणूस उठता-बसता सर्व्हरचं नाव काढतो, त्याच्याकडे गाव जरा संशयानेच बघतं. असे एक सर हल्ली प्रत्येक तालुक्याला असतात. हुद्दा लॅब असिस्टंट, नोकरी कंत्राटी, आणि खिशात पेनऐवजी पेनड्राइव्ह.

सकाळी हॉटेलात निलंगा राईसची प्लेट समोर आली की कुणीतरी विचारतं, ''काय करायलाव सर सध्या?'' हे विचारू नये. राईस गार होतो.

सर सध्या नेक्सस नावाचा प्रोग्राम बसवायलेत. लॅबमध्ये चाळीस कॉम्प्युटर, नेटची लाइन एक. प्रॅक्टिकलला चाळीस पोरं पायथॉनचं एकच पॅकेज चाळीस वेळा बाहेरून ओढतात. नेक्सस मध्ये बसला की पहिल्या पोराने मागितलेलं पॅकेज तो स्वतःकडे ठेवून घेतो आणि उरलेल्यांना घरातूनच देतो. सर याला 'आपला हौद' म्हणतात, आणि लातूर जिल्ह्यात हौदाचं महत्त्व कुणाला पटवून द्यावं लागत नाही.

तरी सर पटवतातच. ''2016चा एप्रिल आठवतो का? मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. त्याच्या आदल्याच महिन्यात एका प्रोग्रामरने नावाच्या भांडणात रुसून आपलं 'लेफ्ट-पॅड' नावाचं पॅकेज काढून घेतलं. अकरा ओळींचं! आन् जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांची कामं अडली. साठवण नव्हती, मालक, साठवण!'' मालक तोवर शेजारच्या टेबलाचं बिल घ्यायला गेलेले असतात.

बसवतानाचे सर मात्र बघण्यासारखे. आधी 'नेक्सस' नावाचा वेगळा युजर तयार करायचा, कारण असला प्रोग्राम रूटच्या अधिकाराने चालवणं त्यांच्या लेखी देव्हाऱ्यात चप्पल घालून जाणं. फाइल 'ऑप्ट'मध्ये सोडवायची, मालकी बदलायची, मशीन बंद-चालू झालं तरी आपोआप उठावा म्हणून सिस्टमडीला सांगून ठेवायचं. मग लॉगच्या ओळी पळू लागतात आणि सर शिपायाला पंख्याचं बटणसुद्धा दाबू देत नाहीत. मशीन जुनं, रॅम चार जीबी. मेमरी संपली की कर्नल न विचारता प्रोग्रामच मारून टाकतो. सर दोन शिव्या पुटपुटतात, ऑफिसच्या बंद पडलेल्या कॉम्प्युटरमधली रॅम काढून आणतात (ऑफिसला अजून पत्ता नाही) आणि पुन्हा सुरू. अखेर 'स्टार्टेड' अशी ओळ उमटते, 8081 पोर्टवर पान उघडतं. पहिला पासवर्ड एका फाइलीत लिहिलेला असतो आणि तो बदलला की ती फाइल स्वतःहून नाहीशी होते. ही जादू दाखवायला सर इतिहासाच्या मॅडमनाही बोलावून आणतात. मॅडम म्हणतात, ''छानच! तेवढा माझा प्रिंटर बघता का?''

गावाचंही तसंच. एक आजोबा थेट लॅबच्या दारात येऊन उभे राहतात. ''सर, बँकंचं सर्व्हर डाऊन हाय म्हणायलेत. कधी चालू करताव?'' सर सुरुवातीला समजावून सांगत, की तो सर्व्हर वेगळा, हा वेगळा. आता नुसतं ''चारनंतर या'' म्हणतात. आणि चारनंतर बँकेचं खरंच सुरू झालेलं असतं, त्यामुळे प्रकरण आणखी हाताबाहेर जातं.

मागच्या प्रॅक्टिकलला रस्ता खोदताना कुणीतरी केबल तोडली. अख्ख्या कॉलेजचं नेट गेलं. लॅबमध्ये मात्र पॅकेजेस धडाधड उतरत होती, कारण ती सगळी हौदात आधीच भरलेली. ज्या दिवसासाठी सर जगले तो दिवस हाच. पण कुणाचं काही अडलं नाही म्हणून कुणाच्या काही लक्षातही आलं नाही. सर रांगेरांगेतून फिरले. शेवटी न राहवून फळ्यापुढे उभे राहिले. ''पोरांनो, नेट बंद आहे! सकाळपासून! कळलं का तुम्हाला?''

मागच्या बाकावरून आवाज आला, ''मग सर, सुट्टी का?''