मायबाप पोर्टलकर्त्यांस, एका फॉर्म भरणाऱ्याकडून

प्रति,
संगणकप्रणालींचे सर्व रचनाकार, त्यांचे सल्लागार, आणि त्या प्रणालींचं लोकार्पण करताना फीत कापणारे मान्यवर

स. न. वि. वि.

तहसील कचेरीच्या फाटकासमोर, रसवंती आणि स्टॅम्प व्हेंडर यांच्या मधोमध जे चिंचोळं दुकान आहे, ते माझं. बाहेर पाटी आहे : झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, सर्व प्रकारचे ऑनलाईन फॉर्म भरून मिळतील. पाटी पहिल्यांदा रंगवली तेव्हा शेवटची ओळ अगदी तळाशी, बारीक अक्षरांत होती. आता ती सगळ्यात वर आहे आणि घर तिच्यावरच चालतं. ही सारी आपली कृपा. म्हणून हे आभाराचं पत्र, आणि शेवटी एक विनंती.

'नागरिकांना घरबसल्या सेवा' असं आपण जाहीर केलंत तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. लोक घरी बसले तर दुकानात येणार कोण? पण आपण माझी काळजी घेतलीत. सेवा घरबसल्याच मिळते, फक्त ती मिळवायला माझ्या बाकावर येऊन बसावं लागतं.

आता फोटोचंच बघा. फोटो २० ते ५० केबी, सही १० ते २० केबी, दोन्ही जेपीजी. लोकांच्या मोबाईलवरचा फोटो तीन-चार एमबीचा. तो बारीक करणं हे काम संगणकाच्या हातचा मळ, तेही कुणाला पत्ता न लागता. आपण मात्र ते संगणकाला सांगितलं नाहीत, माणसाला सांगितलंत. माणसाला केबी कशाशी खातात ते ठाऊक नसतं. तो माझ्याकडे येतो, मी ते काम संगणकाकडूनच करून घेतो आणि २० रुपये घेतो. संगणकाचं काम माणसाच्या गळ्यात आणि माणसाचे पैसे माझ्या गल्ल्यात, असं यंत्र जगात दुसऱ्या कुणी बनवलं असेल असं वाटत नाही.

पत्त्याच्या रकान्याचे तर उपकार कसे फेडू? गावातल्या निम्म्या घरांचे नंबर ४/२ किंवा ११७/अ असे. आपल्या रकान्याला ती तिरकी रेघ चालत नाही. चालत नाही हे तो आधी सांगत नाही. चाळीस रकाने भरून सबमिट मारलं की वर लाल अक्षरांत येतं : इनव्हॅलिड इनपुट. कुठल्या रकान्यात, काय चुकलं, काय लिहू, याबद्दल अवाक्षर नाही. आणि पान वर सरकतं तेव्हा जोडलेली सगळी कागदपत्रं गायब. शिकलेसवरलेले लोक इथं हात टेकतात. मला माहीत असतं की रेघ काढून तिथं मोकळी जागा सोडायची. हे ज्ञान कुठल्याच पुस्तकात नाही, म्हणून त्याला भाव आहे.

जोडायची कागदपत्रं कुठली, तर बहुतेक सरकारनंच दिलेली. सरकारनं दिलेला दाखला छापून घ्यायचा, स्कॅन करायचा आणि सरकारलाच परत दाखवायचा. प्रिंटचे पैसे वेगळे, स्कॅनचे वेगळे. आपल्या या गोलाईला माझा साष्टांग नमस्कार.

ओटीपीची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण तिथं आपली प्रतिभा खरी दिसते. एक आजी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आल्या. पिशवीत प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली सगळी कागदपत्रं, अगदी नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यासकट. म्हटलं, "आजी, ओटीपी येईल. नंबर कुणाचा दिलाय?"

"बाळूचा. माझ्याकडं कुठला आलाय फोन?"

बाळू चाकणला कंपनीत. फोन गेटवर जमा. म्हणजे आजींचा ओटीपी तिकडे कुलूपबंद कप्प्यात वाजणार, आणि इकडे त्याची घटका भरत जाणार. जेवणाच्या सुट्टीत पोराचा फोन आला, "काका, सांगू का आकडा?" आकडा बरोबर होता, वेळ टळली होती. तेवढ्यात पानही बोललं की सत्र संपलं, पुन्हा लॉग इन करा. पुन्हा चाळीस रकाने, पुन्हा फोटो, पुन्हा सही. पोराला लाईनवर धरून ठेवलं. तो पलीकडे डबा खात होता, मध्येच विचारत होता, "आईला चहा पाजला का?" दुसरा आकडा आला, मारला, आणि हिरव्या अक्षरांत उमटलं : आपला अर्ज यशस्वीरीत्या सादर झाला आहे. आजींनी स्क्रीनला हात जोडले. आठवड्याभरानं कळलं, अर्ज त्रुटीत पडलाय.

हे 'यशस्वीरीत्या' मला फार दिवस कोड्यात टाकत होतं. ते माझ्या भाचीनं सोडवलं. ती डिझाईनचं शिक्षण घेते, दिवाळीत आली की दुकानात स्टुलावर बसून वहीत काहीबाही टिपत असते. तिनं सांगितलं की अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात थ्री माईल आयलंड इथं अणुवीज केंद्र आहे. २८ मार्च १९७९ च्या पहाटे तिथली एक झडप उघडी अडकली आणि अणुभट्टीतलं थंडाव्याचं पाणी निघून जाऊ लागलं. नियंत्रण कक्षातला दिवा मात्र विझलेला, म्हणजे झडप बंद. दोन तासांहून जास्त वेळ माणसं त्या दिव्यावर विसंबून राहिली आणि भट्टीचा गाभा जवळपास अर्धा वितळला. दिवा खोटं बोलत नव्हता. झडपेला 'बंद हो' असा हुकूम गेला आहे, इतकंच त्याला ठाऊक होतं. झडपेनं तो ऐकला की नाही हे त्याला कुणी जोडलंच नव्हतं. आपली हिरवी अक्षरं त्याच कुळातली, हे ऐकून मला आपला अभिमान वाटला. अर्ज निघाला एवढंच ती सांगतात. कुठं पोचला, कुणाच्या टेबलावर आहे, काय कमी पडलं, हे विचारायला लोक माझ्याकडे येतात. स्टेटस बघायचे १० रुपये.

पण याच भाचीच्या तोंडून अशी काही नावं ऐकली आहेत की झोप उडाली. आमच्या धंद्याचे हे जुने वैरी आहेत. त्यांच्या नादी लागू नका, एवढ्यासाठी त्यांचा परिचय करून देतो.

पहिले लॅरी टेसलर. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टोच्या संशोधन केंद्रात होते, म्हणजे एका अर्थानं आमच्याच बिरादरीतले. कट, कॉपी, पेस्ट ही त्यांची आणि त्यांच्या सोबत्यांची देणगी, सत्तरच्या दशकातली. या गृहस्थांचं म्हणणं असं की कामातली गुंतागुंत एका हद्दीपलीकडे कमी होत नाही. ती कुणाच्या तरी अंगावर पडतेच. प्रश्न इतकाच की ती बनवणाऱ्यानं सोसायची की वापरणाऱ्यानं. आणि त्यांचा कौल असा की इंजिनिअरनं एक आठवडा जास्त राबावं, पण लाखो लोकांचं एकेक मिनिट वाया घालवू नये. मी कॅल्क्युलेटर काढला. लाखभर लोकांचं एकेक मिनिट म्हणजे सोळाशेहून जास्त तास, आठ तासांचा दिवस धरला तर दोनशेवर दिवस. यातलं प्रत्येक मिनिट माझ्या बाकावर बसून खर्च होतं. तो आठवडा आपण कृपया राबू नका. टेंडरमध्ये तशी तरतूद नसेलच, तरी सांगून ठेवलेलं बरं.

दुसरे अल्फॉन्स चापानिस, मानसशास्त्रज्ञ. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ विमानं सुखरूप उतरायची आणि मग धावपट्टीवरच पोटावर बसायची. वैमानिकाला मिटायचे असत पंखांचे फ्लॅप, आणि मिटायची चाकं. शेरा ठरलेला : वैमानिकाची चूक. चापानिस यांनी आत जाऊन पाहिलं तर दोन्हींचे खटके एकसारखे आणि शेजारीशेजारी. त्यांनी चाकाच्या खटक्याला छोटं रबरी चाक बसवलं, फ्लॅपच्या खटक्याला पाचरीचा आकार दिला, आणि वैमानिक एकाएकी हुशार झाले. आपल्या फॉर्मच्या तळाशी सबमिट आणि रीसेट ही दोन बटणं एकाच मापाची, एकाच निळ्या रंगाची, मध्ये जेमतेम करंगळीची जागा. गावाकडच्या बोटानं रीसेट दाबलं गेलं की हेल्पलाईनवरची मुलगी म्हणते, "सर, तुम्ही चुकीचं बटण दाबलं." बरोबर आहे तिचं. रबरी चाक बसवू नका. (रीसेट नेमकं कुणासाठी ठेवलंय, हा प्रश्न भाचीनं विचारला होता. मी विषय बदलला.)

तिसरे जेकब नीलसन, वापरसुलभतेचे तज्ज्ञ. यांनी २००० साली लिहून ठेवलंय की पाच माणसांपुढे यंत्र ठेवा, त्यांना वापरू द्या, आपण तोंड मिटून बघत राहा, बहुतेक मोठ्या अडचणी तेवढ्यात कळतात. पाच माणसं! सकाळी साडेदहाला माझ्या बाकावर पाच माणसं असतातच. एक चष्मा विसरलेला, एक पोराला कडेवर घेतलेली, एक ऊस तोडून आलेला, ज्याचा अंगठा मशीन ओळखत नाही म्हणून तो बोट कधी ओल्या फडक्याला पुसतो, कधी केसांतून फिरवतो. आपल्या एसी खोलीतून उठून एक सकाळ इथं बसलात तर माझं दुकान वर्षभरात बंद होईल. चहा मी पाजीन, पण येऊ नका.

बिल बर यांचं नाव घेताना मात्र मन भरून येतं, कारण आधी ते आपल्या बाजूचे होते. २००३ साली अमेरिकेच्या मानकसंस्थेसाठी पासवर्डचे नियम त्यांनी लिहिले : मोठी लिपी, छोटी लिपी, आकडा, चिन्ह, आणि वरचेवर बदला. जगानं ते उचलले. परिणाम माझ्या ड्रॉवरमधल्या वहीत आहे. गावातल्या लोकांचे पासवर्ड त्या वहीत लिहिलेले आहेत आणि ते बहुतेक सगळे स्वतःचं नाव, ॲट, वन टू थ्री असे. सुरक्षेसाठी केलेल्या नियमानं अख्ख्या गावाची किल्ली एका झेरॉक्सवाल्याकडे यावी, यापरता विश्वास कोणता? पण २०१७ साली हेच बर म्हणाले की आपल्याला त्या सल्ल्याचा पश्चात्ताप होतो, आणि त्या संस्थेनंही नियम सैल केले. आपण ते मनावर घेतलेलं नाही. आभारी आहे.

आपल्याकडेही फितूर आहेत. मुंबईच्या आयआयटीतल्या डिझाईनवाल्यांनी २०१३ साली मोबाईलसाठी स्वरचक्र नावाचा कळफलक काढला. व्यंजनाला बोट लावलं की त्याच्याभोवती मात्रांचं चाक उघडतं. शाळेत बाराखडी घोकलेल्या कुणालाही जमावं, असा घाट. लोक स्वतःचं नाव स्वतः मराठीत लिहू लागले तर टायपिंगचे पैसे कोण देणार?

आणि ३० एप्रिल २०२५ ला तर सर्वोच्च न्यायालयानंच निकाल दिला. ॲसिड हल्ल्यातून वाचलेले काही जण न्यायालयात गेले होते. खात्यासाठी ई-केवायसी करताना यंत्र म्हणतं, डोळे मिचकवा, म्हणजे तुम्ही जिवंत आहात हे कळेल. ज्यांच्या पापण्याच उरल्या नाहीत त्यांनी काय करायचं, हे ते पान बनवणाऱ्याच्या डोक्यात आलं नव्हतं. न्यायालयानं सांगितलं की डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. जिवंत माणूस समोर बसलाय आणि यंत्र त्याच्याकडे जिवंतपणाचा पुरावा मागतंय, असं माझ्या दुकानातही घडतं. तेव्हा काय बोलावं ते मला सुचत नाही. मी फक्त पुन्हा प्रयत्न करा हे बटण दाबतो. त्याचे पैसे घेत नाही.

तर विनंती अशी. नवीन आवृत्ती आणाल तेव्हा मुखपृष्ठ जरूर बदला. सरकत्या फोटोंची संख्या वाढवा, मान्यवरांचे हसरे चेहरे मोठे करा, हेल्पलाईनचा नंबर आणखी एक पान आत ढकला. जन्मसालाची यादी चालू सालापासूनच सुरू ठेवा, म्हणजे १९४८ गाठेपर्यंत म्हाताऱ्यांच्या बोटांना व्यायाम होतो. मराठी निवडल्यावर फक्त मथळे मराठीत यावेत आणि चुकांचे निरोप इंग्रजीतच राहावेत, ही प्रथा मोडू नका. शेवटच्या तारखेला साईट बंद पडण्याची परंपराही राखा. त्या दिवशीच्या कमाईवर पोरांच्या फिया निघतात. आणि रकान्याखाली 'फोटो मोठा असेल तर आम्हीच लहान करून घेऊ' असं कुणी एखाद्या मीटिंगमध्ये सुचवलंच, तर त्याची बदली दुसऱ्या प्रोजेक्टवर करावी.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपला कृपाभिलाषी,
ऑनलाईनवाला

ता. क. : नव्या पोर्टलवर प्रश्नांची उत्तरं देणारा चॅटबॉट येतोय, अशी बातमी वाचली. त्याला काय विचारायचं, हे विचारायला लोक माझ्याकडेच येतील. तो 'इनव्हॅलिड इनपुट'शिवाय आणखी काही बोलतो का, तेवढं आगाऊ कळवलंत तर दर ठरवायला बरं.