आमच्या काकांचा नंबर मिरवणाऱ्या स्वारास

श्रीयुत (जे काही नाव असेल ते),
मु. पो. पुणे



आपला पत्ता आपल्या गाडीच्या पाटीवरून काढायला गेलो, तर तो निघाला कंधार तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा. म्हणून हे पत्र उघड्यावरच टाकतोय.

मी नांदेडात रविवारी मोफत कायदा सल्ल्याच्या टेबलावर बसतो. वकील नाही, विधी स्वयंसेवक. समोर येतात ते बहुतेक दंडवाले. कुणी सिग्नल तोडलेला, कुणाचा विमा संपलेला, कुणी चलानच्या नावानं व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली फाइल उघडून बँकेचं खातं रिकामं करून बसलेला. गेल्या रविवारी आपले काका आले. आपले म्हणतोय, कारण एमएच 26 चा तो नंबर आता तुम्हा दोघांचा सामाईक आहे, सातबाऱ्यावर भावाभावांची नावं असावीत तसा.

सहा चलानं. पाच हेल्मेटची, पाचशे-पाचशेची. एक ट्रिपल सीटचं, हजाराचं. सगळी हडपसर-खराडीकडची. काकांची गाडी आजवर सगळ्यात लांब गेली ती अहमदपूरला, लेकीकडे, आणि लातूरची हद्द लागली म्हणून तेवढ्यावरही ते बिचकत गेले होते. चलानं आल्यापासून गाडी गोठ्यात पोत्याखाली आहे आणि काका एसटीनं फिरतात. स्वतःच्या गाडीला चोरीच्या बैलासारखं लपवायची वेळ आपण त्यांच्यावर आणलीत, अभिनंदन.

पुढचं ऐका. गुन्हा आपला, पण तो केला नाही हे दाखवायचं काकांनी. आरसी जोडा, गाडीचे पुढून-मागून-बाजूनं फोटो काढा, अर्ज करा, वाट बघा. हे सगळं त्यांना सांगणारा मी. तेवढ्यात त्यांनी बंडीच्या खिशातून घडी घातलेली आडत्याची हिशेबपट्टी काढली. ट्रिपल सीटच्या दिवशी ते मोंढ्यात सोयाबीनचं माप करत उभे होते. ओलावा जास्त म्हणून भाव कापला होता. "ह्याच्यावर तारीख हाय बघा, साहेब." म्हणजे एकाच दिवशी मोंढ्यातही कापले आणि हडपसरलाही.

मग ते हळूच म्हणाले, "लोकअदालतीत भरून टाकू का? साडेतीन हजार गेले म्हणू."

इथं माझं डोकं सरकलं. लोकअदालत तडजोडीची जागा आहे, 1987 च्या कायद्यानं तिथल्या निवाड्यावर अपील नाही. न केलेल्या गुन्ह्याची तडजोड कुणाशी करायची? आणि आज भरले, तरी उद्या सकाळी आपण पुन्हा बिनहेल्मेट निघणारच. हे मी तावातावानं सांगितलं. काका "बरं" म्हणाले. हरलेला माणूस म्हणतो तसं.

काही वर्षांपूर्वी मुंबईत रतन टाटांच्या गाडीचा नंबर अंकशास्त्राच्या नादानं दुसऱ्याच गाडीवर लागला होता. चलानं टाटांकडे गेली, पोलिसांनी सीसीटीव्ही धुंडाळले, जानेवारी 2021 मध्ये गुन्हा नोंदला गेला. काकांसाठी खराडीचे कॅमेरे कोण तपासणार? आपल्याला चारशेवीस म्हणून हाक मारायचीही सोय राहिली नाही. 1 जुलै 2024 पासून नव्या फौजदारी संहितेत फसवणूक कलम 318 मध्ये गेली.

अरे, घ्यायचाच होता तर एखाद्या आमदाराचा नंबर घ्यायचास! दुपारच्या आत घरी गाडी आली असती तुला न्यायला. कोरडवाहू माणसाचाच बरा सापडला तुला? त्याच्या पाटीचे साडेचारशे आणि वर जीएसटी भरून त्यानं नवी सुरक्षा पाटीही लावून घेतली, सरकारनं सांगितलं म्हणून. तू मात्र रंगवलेल्या पाटीवर निवांत.

पण मलाही एक गोष्ट आठवते. जानेवारी 2025 मध्ये कुलाब्याला ताज हॉटेलसमोर एकाच नंबरच्या दोन गाड्या सापडल्या. त्यातल्या एका गाडीवाल्यानं कर्जाचे हप्ते थकले म्हणून, वसुलीवाल्यांना चुकवायला आपल्या पाटीतला आकडा बदलला होता. तुमचंही तसंच काही असेल. कदाचित तुम्हीही इकडचेच असाल, ऊसतोडीला नको म्हणून पुण्याला गेलेले. तरी साडेतीन हजार माफ नाहीत.

तक्रारीसाठी मी ट्रिपल सीटचा फोटो मोबाइलवर मोठा करून काकांना दाखवला. रंग बघा, आरसा बघा, ही तुमची गाडी नाही ना? ते बराच वेळ बघत राहिले. गाडीकडे नाही. टाकीवर शाळेच्या गणवेशातलं लेकरू बसलंय, गळ्यात पाण्याची बाटली. मागं बाई, तिच्या दोन्ही हातांत पिशव्या.

"ह्या पोराला कळवता येतंय का काही?" काका म्हणाले. "लेकराला टाकीवर बसवू नको म्हणावं. ब्रेक दाबला की जातंय पुढं."

कळवलं.

आपला,
रविवारचा टेबलवाला