जुन्नर-आंबेगाव : दोन दिवस, पाच जण, साडेतीन सिनेमे

जुन्नर आणि आंबेगाव हे पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडचे दोन शेजारी तालुके. शनिवारी सकाळी निघून रविवारी रात्री घरी परतणाऱ्या मित्रमंडळींना ते सोयीचे पडतात. किल्ला, लेणी, घाट, धरणे आणि अष्टविनायकांपैकी ओझर व लेण्याद्री असे दोन गणपती, एवढे सगळे एका मुक्कामात उरकते. बाकीचे सामान मंडळी पुण्याहून नेतात : पाच माणसे, एक गाडी, चिवड्याचा डबा आणि नुकत्याच आलेल्या सिनेमांविषयीची मते. चिवडा चाकणला संपतो. मते दोन दिवस पुरून उरतात.

गाडीतल्या जागा मतांप्रमाणे ठरलेल्या असतात. पुढच्या सीटवर पहिल्या दिवशी पहिला खेळ पाहणारा बसतो. शेवट सांगून टाकणे हा तो आपला हक्क समजतो. मागे एका खिडकीशी कादंबरी वाचलेला. सिनेमा कोणताही असो, पुस्तकात ते जास्त चांगले होते असे तो सांगतो. पुस्तक नसले तरी सांगतो. मधल्या जागेवर अर्धा सिनेमा पाहिलेला असतो, कारण मध्यंतरानंतर त्याला डुलकी लागलेली असते. दुसऱ्या खिडकीत ‘ओटीटीवर आला की बघू’ म्हणणारा. याचे मत सर्वांत ठाम, कारण सिनेमा पाहून ते डळमळलेले नसते. पाचवा गाडी चालवतो आणि वाद हातघाईवर आला की गाण्याचा आवाज वाढवतो.

चर्चेची पहिली बैठक चाकणच्या कोंडीत भरते. तिथे गाडी जेवढा वेळ उभी राहते, तेवढ्यात एका सिनेमाचा पूर्वार्ध सांगून होतो. विषय ‘दशावतार’. २०२५च्या सप्टेंबरात आलेल्या या सिनेमात वयाची ऐंशी ओलांडलेल्या दिलीप प्रभावळकरांनी कोकणातला दशावतारी कलावंत उभा केला. त्यांच्या कामाबद्दल पाचही जणांचे एकमत होते. एकमत झाल्याने विषय राजगुरुनगरच्या आत संपतो आणि मंडळी हिरमुसतात. मंचरला, म्हणजे आंबेगाव तालुक्यात शिरून चहा घेताना कुणीतरी ‘छावा’ काढतो आणि सगळ्यांच्या जिवात जीव येतो. लक्ष्मण उतेकरांचा हा सिनेमा १४ फेब्रुवारी २०२५ला, शिवजयंतीच्या पाच दिवस आधी आला. विकी कौशल सरस की अक्षय खन्ना, आणि ए. आर. रहमानचे संगीत त्या काळाला शोभते का, या दोन कलमांवर दुसरा चहा मागवला जातो.

नारायणगाव टोमॅटोच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे आणि तमाशासाठी त्याहून अधिक. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांच्या या गावाला तमाशाची पंढरी म्हणतात. जत्रांच्या हंगामाआधी तमाशाचे फड इथे राहुट्या टाकतात आणि गावोगावचे पुढारी खेळ ठरवायला येतात. राहुटीत बसून विचारायचे प्रश्न मोजके असतात : वग कोणता, कलावंत किती, गाणी नवी आहेत का, आमची तारीख मोकळी आहे का. मग घासाघीस होते आणि सुपारी दिली जाते. सुपारी देणाऱ्याला उगाच लांबण लावून चालत नाही. फड पडला तर त्याला वर्षभर पारावर तोंड दाखवायची चोरी होते. म्हणून त्याचे कलाविषयक मत चार वाक्यांत संपते. पुण्याच्या गाडीतले मत मंचरपासून चालू असते, आणि त्यापायी आजवर कुणाचा रुपया बुडालेला नसतो.

नारायणगावजवळ खोडदला महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली ही दुर्बीण म्हणजे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांचा संच. त्यांतल्या १४ मध्यभागी जवळजवळ आहेत, बाकीच्या तीन हातांसारख्या दूरवर पसरल्या आहेत. अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेल्या क्षीण रेडिओ लहरी इथे टिपल्या जातात आणि त्यांवरून निष्कर्ष काढायला शास्त्रज्ञ महिनोन्‌महिने घेतात. ट्रेलरवरून निष्कर्ष काढणाऱ्यांना हा वेग मानवत नाही. त्यातून लहरींमध्ये बाधा येऊ नये म्हणून मोबाइल बंद ठेवावा लागतो. सिनेमाने किती कोटी कमावले हे पडताळण्याचे साधन गेल्यावर पाच जण पाच आकडे सांगतात, आणि पाचही आकडे बिनविरोध मंजूर होतात. मग बोलण्यासारखे काही उरत नाही. सहलीतली पहिली शांतता ती हीच.

शिवनेरीला दुपार कलल्यावर जातात. १९ फेब्रुवारी १६३०ला शिवाजी महाराजांचा जन्म झाला तो हा किल्ला. वाटेत ओळीने सात दरवाजे लागतात. तिसऱ्याचे नाव परवानगी दरवाजा. तिथे दम खाताना ‘छावा’तला लेझीमचा प्रसंग निघतो, जो ट्रेलर पाहून आक्षेप आल्यावर जानेवारीतच वगळण्यात आला. तो असावा की नसावा यावर चार मते पडतात, पण शेजारून शाळेची सहल चाललेली असल्याने ती हळू आवाजात पडतात. पुढे हत्ती दरवाजा, शिपाई दरवाजा, फाटक दरवाजा. दरवाजागणिक वाद मागे पडत जातो. शिवाई देवीचे दर्शन घेऊन जन्मस्थानाशी पोहोचल्यावर पाचही जण चपला काढतात. तिथे सिनेमाचे नाव कुणी काढत नाही.

मुक्काम ओतूरच्या बाजूला, उसाला लागून असलेल्या घरात. यजमान जेवताना एकच सूचना देतात : अंधार पडल्यावर बाहेर फिरायचे नाही. हा बिबट्यांचा मुलूख आहे. माणिकडोहला बिबट निवारा केंद्रही आहे. पुढच्या सीटवरच्याला लगेच ‘आजोबा’ आठवतो. २००९मध्ये माळशेज घाटात सोडलेला एक बिबट्या सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. त्या घटनेवर सुजय डहाकेने उर्मिला मातोंडकरला घेऊन २०१४मध्ये हा सिनेमा केला. ‘एवढे चालत जाईल होय? काहीतरी वाढवून दाखवतात,’ असा निकाल ओटीटीवाला देतो. रात्रीची वीज आली की उसाला पाणी द्यायला बाहेर पडणारे यजमान यावर मत देत नाहीत. ते उठून कडी नीट लागली आहे का ते पाहतात. मंडळीही मग पाहतात, पाच वेळा.

रविवारी सकाळी लेण्याद्री. अष्टविनायकांपैकी हा एकच गणपती लेण्यात आहे. सुमारे तीस बौद्ध लेण्यांपैकी सातव्या लेण्यात गिरिजात्मज बसला आहे आणि त्याच्या सभामंडपाला आधाराचा एकही खांब नाही. वर जायला तीनेकशे पायऱ्या आहेत. चित्रपटसमीक्षेची लांबी मोजण्याचे याहून अचूक साधन तालुक्यात नसावे. पहिल्या पन्नास पायऱ्यांवर पटकथेचे सांगोपांग विवेचन होते. शंभरीनंतर ‘सेकंड हाफ ढिला आहे’ एवढेच उरते. दोनशेच्या पुढे ‘बरा आहे’. शेवटच्या वळणावर माकड काकडीची पिशवी पळवते, तेव्हा पुढच्या सीटवरच्याच्या तोंडून शब्दही फुटत नाही.

नाणेघाटात मंडळी प्रथम रांजणापाशी फोटो काढतात. सातवाहनांच्या काळात कोकणातून चढून येणाऱ्या मालावरची जकात या दगडी रांजणात टाकत, असे सांगतात. शेजारच्या गुहेत नागणिका राणीचा ब्राह्मी शिलालेख आहे; यज्ञ आणि त्यांतल्या दक्षिणांची मोजदाद त्यात आकड्यांसह कोरलेली आहे. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या व्यक्तींचे पुतळे होते. ते नष्ट झाले, फक्त पावलांचे अवशेष आणि वरची नावे उरली. सगळे नट निघून गेले आणि श्रेयनामावली दोन हजार वर्षे चालूच आहे, असा हा खेळ. थिएटरात नावे सुरू होताच पार्किंगकडे पळणारा अर्ध्या सिनेमावाला इथे मात्र शेवटपर्यंत थांबतो, कारण बाहेर ऊन असते.

जुन्नरला परतल्यावर मासवडी. शिजवलेले बेसन ओल्या फडक्यावर थापतात, त्यावर तीळ, सुके खोबरे, कांदा-लसूण यांचे भाजलेले सारण पसरून गुंडाळी करतात, ती दाबून माशाच्या आकाराची करतात आणि काप पाडतात. सोबत काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. ‘सत्य घटनेवर आधारित’ या पाटीचा अर्थ काय, हा दोन दिवस अडलेला प्रश्न याच ताटावर सुटतो : मासवडीत मासा जेवढा, तेवढी घटना. कादंबरी वाचलेला हे मान्य करतो आणि आणखी रस्सा मागतो.

परतीची वाट घोडेगाववरून. तालुका आंबेगाव, त्याचे मुख्यालय घोडेगाव, आणि ज्या गावावरून तालुक्याला नाव पडले ते जुने आंबेगाव घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलेले. त्यावरून रिमेकचा विषय निघतो. रितेश देशमुखचा ‘वेड’ हा तेलुगू ‘मजिली’वरून केलेला, मूळ चांगला की नवा? मूळ कुणीच पाहिलेला नसल्याने वाद निर्वेध चालतो आणि मंचर कधी मागे पडले ते कळत नाही.

चाकणला पुन्हा कोंडी लागते. पुढच्या शुक्रवारी येणारा सिनेमा सगळ्यांनी एकत्र पाहायचा, असा ठराव एकमुखाने पास होतो. गाडी चालवणारा दोन दिवसांत पहिल्यांदाच सविस्तर बोलतो : ‘तिकिटे कोण काढतोय? पैसे आत्ताच द्या.’ गाडीत खोडदसारखी शांतता पसरते.