कोंबडीला ताप, बोकडाला भाव

१८ फेब्रुवारी २००६ रोजी नवापूर एकदम जगाच्या नकाशावर आलं. तोवर या गावाची ख्याती स्टेशनापुरती: अर्धा फलाट महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. देशातला पहिला बर्ड फ्लू इथल्या कोंबड्यांत सापडला आणि विषाणूने दुजाभाव न करता पलीकडच्या उच्छललाही हजेरी लावली. नखशिखांत पांढऱ्या पोशाखातली माणसं शेडमध्ये शिरली. लाखो कोंबड्या खड्ड्यात गेल्या. त्यांतल्या कित्येक ठणठणीत होत्या. पण रोगट शेडपासून तीन किलोमीटरच्या आत राहणं हाच त्यांचा गुन्हा.

मग रोग मुंबई-पुण्यात पोहोचला. म्हणजे बातमी पोहोचली. त्या साथीत देशातल्या एकाही माणसाला लागण झाल्याचं निष्पन्न झालं नाही. मांस ७० अंशांपर्यंत नीट शिजलं की विषाणू मरतो, हे जागतिक आरोग्य संघटना कानीकपाळी ओरडून सांगत होती. आपला रस्सा तर तासभर खदखदतो. विषाणूचा वंशही उरायचा नाही. तरी रेल्वेने ताटातून कोंबडी उतरवली आणि आमच्या रविवारांनीही.

मटणवाल्याच्या दुकानात मात्र दिवाळी.

“भाव वाढला?”

“कोंबडीला ताप आलाय ना, साहेब. पाव देऊ की अर्धा?”

हॉटेलवाले आणखी धोरणी. ब्रॉयलरचा भाव मातीमोल झाला, तरी चिकन हंडीचा दर जागचा हलला नाही. कार्ड छापलेलं असतं ना!

पण ही सगळी चिल्लर. खरी कमाई फ्लूवरच्या टॅमिफ्लू या गोळीची. ती शोधणाऱ्या गिलिअड कंपनीचे अध्यक्ष डोनाल्ड रम्सफेल्ड २००१ मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री झाले. गोळी विकायची रोश कंपनी, रॉयल्टी गिलिअडला. साथीच्या धास्तीने सरकारं गोदामं भरू लागली, शेअर चढू लागला. रम्सफेल्डसाहेबांनी या औषधाच्या निर्णयांपासून स्वतःला दूर ठेवलं. शेअर मात्र जवळच ठेवले.

इकडे कोंबडीचं खाद्य म्हणजे मका आणि सोयाबीनची पेंड. खाणारीच खड्ड्यात, तर मक्याला कोण विचारतो? भरपाई ठरली पक्ष्यामागे, म्हणजे मालकाला. शेडमध्ये अंडी वेचणारा, खाद्याची पोती वाहणारा आदिवासी मजूर या हिशेबात बसेना. त्याला पिसं नव्हती.

२०२० मध्ये करोना आला. कोंबडीचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता, पण जुनी आरोपी म्हणून तिलाच पहिलं धरलं. हैदराबादेत मंत्री व्यासपीठावर तंगड्या चावून तिला जामीन राहिले. गोरखपूरला पोल्ट्रीवाल्यांनी पदरमोड करून मेळाच भरवला, ३० रुपयांत ताट. कोंबडी निर्दोष आहे हे सिद्ध करायला माणसं खांद्याला खांदा भिडवून ताटावर तुटून पडली. हा रोग माणसापासून माणसाला होतो, हे तोवर छापून येऊन महिना उलटला होता.