मेदूवडा

कुवेतमध्ये, मंगाफच्या एका फ्लॅटमध्ये, हॉलच्या भिंतीवर, गणपतीच्या तसबिरीशेजारी मेदूवड्याचा फ्रेम केलेला फोटो आहे. काळ्या पार्श्वभूमीवर पांढुरका, गोल, मधोमध भोक. नवखा पाहुणा आधी काकूंकडे बघतो, कारण त्याला वाटतं यांचा खाण्याच्या ऑर्डरी घ्यायचा व्यवसाय असावा. मग आरसेकाका घसा खाकरतात आणि म्हणतात, "रोहिणी." पाहुणा पुन्हा काकूंकडे बघतो.

रोहिणी म्हणजे वृषभेतला तो तांबूस तारा. अरबांनी त्याला अद-दबरान म्हटलं आणि सगळ्या जगाने तेच उचललं. दुर्बिणीचं फोकस मुद्दाम बिघडवलं की ताऱ्याच्या ठिपक्याची चकती होते, आणि परावर्ती दुर्बिणीत पुढचा छोटा आरसा वाटेत येत असल्यामुळे त्या चकतीला भोक पडतं. भोक अगदी मधोमध आलं तर दोन्ही आरसे एकमेकांशी नीट जुळलेले आहेत असं समजायचं. "याला कोलिमेशन म्हणतात," काका सांगतात. एका पाहुण्याने "कोलेस्टेरॉल?" असं विचारलं होतं. समोर वडा टांगलेला असताना त्याचं फार चुकलं असं म्हणता येणार नाही.

चार वर्षांत काकांचं समाधान झालेला हा एकमेव फोटो.

आखातात आलेला मराठी माणूस काय काय करतो ते आपल्याला माहीत आहे. कुणी सोनं घेतो, कुणी तळेगावला प्लॉट घेतो, कुणी दोन्ही घेऊन वर इथल्या उन्हाला नावं ठेवतो. काकांनी दोनशे मिलिमीटर व्यासाचा, एफ-फोरचा आरसा घेतला. दिवसभर ते एका रिफायनरीत प्रेशर गेजेस कॅलिब्रेट करतात, म्हणजे काटा शून्यावर नसला तर शून्यावर आणतात. एवढं करून घरी आल्यावर माणसाने टीव्ही बघावा. हा गृहस्थ घरी येऊन दुसरं शून्य शोधतो. त्यांना 'आरसेकाका' हे नाव आमच्या पोरांनी दिलं, आणि आता त्यांचं खरं आडनाव सांगायचं तर मला सिव्हिल आयडी बघावा लागेल.

मूळचे पुण्याचे. १९८६ साली हॅलेच्या धूमकेतूने शाळकरी पोरांची एक अख्खी पिढी बिघडवली, त्यातले. पुण्याचा विषय निघाला की ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ सालची, आयुका १९८८ सालची, हे ते घरच्या मुंजी-लग्नांच्या तारखांसारखं सांगतात. पण खरा सल वेगळा आहे. कावसजी दादाभाई नायगमवालांनी पुण्याच्या सायन्स कॉलेजात, भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभी केली. तिथली वीस इंची परावर्ती दुर्बीण त्या काळी भारतात सर्वांत मोठी होती. नायगमवाला १९१२ साली निवृत्त झाले आणि ती कोडाईकनालला गेली. "नेली!" असं काका म्हणतात. स्वर असा, की जणू मोठ्या भावाने वाटणीत पितळी घंगाळ नेलं.

तर आरसा. पहिल्या वर्षी काकांचे तारे त्रिकोणी आले. नळीच्या बुडाशी मुख्य आरसा तीन चिमट्यांत धरलेला असतो. चिमटे कारखान्यातूनच आवळून आले की काच जरा ताणली जाते आणि आकाशातला प्रत्येक तारा समोशासारखा दिसतो. 'जरा' म्हणजे किती, तर आरशाच्या पृष्ठभागात केसाच्या जाडीच्या पाचशेव्या भागाएवढी चूकही चांगल्या आरशाला लाज आणते. चिमटा आणि काच यांच्यातून व्हिजिटिंग कार्ड अलगद सरकावं एवढी फट हवी. कार्ड माझं वापरलं. ते अजून त्यांच्या टूलबॉक्समध्ये आहे आणि त्यावरच्या माझ्या हुद्द्याला ग्रीस लागलं आहे. चिमटे सैल केल्यावर तारे गोल झाले, पण दुर्बीण फिरवली की आत आरसा खुळखुळायला लागला.

त्यावर उपाय कडक स्प्रिंगांचा. त्यासाठी आम्ही शुवैखला गेलो, जिथे मोटारीचा कुठलाही अवयव मिळतो. दुकानदाराने विचारलं, "कौनसी गाडी?"

"गाडी नहीं, आरसा. मतलब, मिरर."

त्याने तीन आरसे काढून ठेवले, डावे-उजवे.

"ये नहीं. मिरर के पीछे का स्प्रिंग. टेलिस्कोप, दो सौ एमएम, एफ-फोर."

दुकानदाराने बराच विचार केला. "टोयोटा में नहीं आता," तो म्हणाला. "निस्सान में देखो."

निस्सानमध्ये मिळाल्या. कशाच्या होत्या ते आम्ही विचारलं नाही.

दुसऱ्या वर्षी तारे अंड्यासारखे यायला लागले, शेपटीवाली अंडी. एफ-फोरचा आरसा म्हणजे तापट जावई. नळी आखूड, प्रकाश भरपूर, पण तारा खरोखर ठिपका दिसेल अशी जागा मध्यावर जेमतेम दीड मिलिमीटर. बाहेरच्या ताऱ्यांसाठी वेगळी भिंगं लावावी लागतात, आणि आरसे तसूभर हलले तर ती भिंगंही रुसतात. त्यात एक खास छळ असा आहे की अशा दुर्बिणीत सगळं बरोबर जुळलेलं असताना, फोकसरच्या भोकातून पाहिलं तर छोट्या आरशाची काळी सावली थोडी मुख्य आरशाच्या बाजूला सरकलेली दिसते, आणि ती तशीच दिसायला हवी. हे काकांना पाठ आहे. दुसऱ्याला ते छान समजावतात. मग रात्री एकटे असले की ती सावली बघवत नाही, आणि हात ॲलन कीकडे जातो.

म्हणून लेसर आणला. आता लेसर सरळ आहे हे कशावरून? तो खाचेत ठेवून गोल फिरवायचा. समोरच्या भिंतीवरचा लाल ठिपका जागचा हलला नाही तर सरळ, वर्तुळ काढलं तर वाकडा. काकांनी काकूंची दोन लाटणी शेजारी शेजारी ठेवली आणि त्यांच्या मधल्या खाचेत लेसर फिरवला. भिंतीवर ठिपका पुरीएवढं वर्तुळ काढत होता. हे रात्री आठ वाजता चाललं होतं. परातीत कणीक मळलेली, काकू हात धुऊन उभ्या. त्या दिवशी ब्रेड खाल्ला.

धुळीबद्दल बोलायलाच हवं, कारण कुवेतमध्ये धुळीला टाळून कशाबद्दलच बोलता येत नाही. वारा सुटला की आकाश नारिंगी होतं, त्याला इथले लोक 'तोझ' म्हणतात आणि खिडक्यांच्या फटींना ओले टॉवेल लावतात. दुर्बीण एसीत ठेवावी तर बाहेर नेल्यावर काच बाहेरच्या तापमानाला यायला तास-दोन तास लागतात, तोवर तारे उकळत्या पाण्यातून बघितल्यासारखे. म्हणून काका ती बाल्कनीत ठेवतात. मित्रिबाला २०१६च्या जुलैत ५३.९ अंश तापमान नोंदलं गेलं, अशा देशात बाल्कनी हा भट्टीचा सभ्य प्रकार आहे. वर धूळ. थोड्या धुळीने आरशाचं काही बिघडत नाही, धुण्याने जास्त बिघडतं, हे काका स्वतः सर्वांना बजावतात, आणि दर दोन महिन्यांनी आरसा धुतात. साबणाचा एक थेंब, भरपूर पाणी, आणि कापूस नुसत्या स्वतःच्या वजनाने फिरवायचा, बोट दाबायचं नाही. कापूस देवाच्या वातींचा. काकू गावाहून येताना आणतात आणि त्यातला निम्मा बाथटबमध्ये संपतो. शेवटचं पाणी मात्र डिस्टिल्डच लागतं, त्यासाठी ते फार्मसीत जातात. मी एकदा म्हटलं, "अहो काका, इथलं नळाचं पाणी समुद्राचंच, वाफ करून काढलेलं. डिस्टिल्डच झालं की."

"काढलेलं, पण नंतर चवीसाठी त्यात थोडं खारं भूजल मिसळतात," काका दुःखाने म्हणाले. "यांच्या चवीपायी माझ्या आरशावर डाग."

एका कोजागिरीला इथल्या मराठी मंडळाने त्यांना दुर्बीण घेऊन बोलावलं. चंद्राला खरं तर काही लागत नाही. बिघडलेल्या दुर्बिणीतूनही तो सुंदरच दिसतो. पण काकांनी "पाच मिनिटं" म्हणून नळी आडवी केली. आडवी अशासाठी की छोट्या आरशाचे स्क्रू फिरवताना ॲलन की हातातून सुटली तर थेट मुख्य आरशावर पडू नये. पन्नास माणसं दुधाचे पेले घेऊन रांगेत. एक स्क्रू सैल केला की बाकीचे दोन आवळायचे, मग तो, मग हे. दूध संपलं. अंताक्षरी झाली. चंद्र शेजारच्या टॉवरमागे गेला. तेव्हा काका घाम पुसत उठले आणि म्हणाले, "या, आता बघा." बाराव्या मजल्यावरच्या एका खिडकीतला पंखा अतिशय रेखीव दिसला.

कुणी टोकलंच तर त्यांच्याकडे हबल आहे. १९९०मध्ये सोडलेल्या हबलचा २.४ मीटरचा आरसा कडेला २.२ मायक्रॉन जास्त घासला गेला होता, कारण तो तपासणाऱ्या उपकरणातच एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी होतं. डिसेंबर १९९३मध्ये अंतराळवीरांनी जाऊन इलाज केला. "नासाला साडेतीन वर्षं लागली," काका म्हणतात. "मला चौथं चालू आहे, एवढंच."

"त्यांनी मधल्या काळात फोटो काढले होते हो," काकू आतून म्हणतात.

गेल्या डिसेंबरात, मिथुन राशीतल्या उल्कावर्षावाच्या रात्री, आम्ही तिघं साल्मी रोडने नव्वद किलोमीटर आत गेलो. गाडी माझी, कारण ती वाळूत रुतत नाही. या मैत्रीचं मूळ तिथेच आहे. काकूंनी सतरंजी अंथरली, थर्मास उघडला आणि आम्ही दोघं वर बघत बसलो. दर दोन-तीन मिनिटांनी एक उल्का. एक तर अशी हिरवी, की वाळूवर आमच्या सावल्या पडल्या. "अहो, बघा!" काकू ओरडल्या. "काय?" नळीच्या आतून आवाज आला.

रात्री एकच्या सुमाराला गस्तीची जीप आली. ओसाड वाळवंट, तिपाईवर आकाशाकडे रोखलेली जाड पांढरी नळी आणि तिच्यात डोकं घातलेला माणूस, हे दृश्य कुठल्याही देशाच्या पोलिसाला आवडणार नाही. काकांनी हात वर केले, एका हातात ॲलन की. "नुजूम," ते म्हणाले. तारे. पोलीस हसला. त्याने दक्षिणेला क्षितिजालगत बोट दाखवलं. "सुहैल?"

काका विरघळलेच. सुहैल म्हणजे आपला अगस्ती. पुण्यातून तो एकोणीस अंशांपर्यंत वर येतो, इथे जेमतेम आठ. सप्टेंबरच्या सुरुवातीला पहाटे तो दिसू लागला की उन्हाळा ओसरायला लागला असं इथे मानतात. आपल्याकडे कालनिर्णय, तसं इथे डॉ. सालेह अल-उजैरींचं कॅलेंडर, त्यात हे सगळं असतं. उजैरी १०१ वर्षं जगले, २०२२मध्ये गेले. पोलिसाने त्यांचं नाव घेताना हात छातीवर ठेवला. काकांनी नळी सुहैलवर वळवली. इतक्या खाली जाड हवेतून तारा लाल, हिरवा, निळा असा लग्नाच्या रोषणाईसारखा लुकलुकत होता. पोलिसाने जोडीदाराला हाक मारली, दोघांनी आळीपाळीने पाहिलं, खजूर दिले आणि गेले. चार वर्षांत या दुर्बिणीतून एवढा आनंद कुणाला झालेला मी पाहिला नव्हता. काका मात्र शरमले होते. जीप दूर गेल्यावरही सांगत होते, "ते रंग हवेचे हं. आरशाचे नाहीत."

पावणेपाचला भोक मधोमध आलं. काकांनी मला बोलावून दाखवलं, मग काकूंना, मग पुन्हा मला. त्याचा एक फोटो काढला. मग फोकस करून खराखुरा मृगातला तेजोमेघ घ्यायचा, तर मृग पश्चिमेच्या धुरकटात उतरलेला. दुसरं काही शोधेपर्यंत पूर्व फिकटली.

काकूंनी डबा उघडला. आत मेदूवडे, आदल्या दिवशीच तळलेले. काकांनी एक उचलला आणि उजेडाकडे धरून फिरवला.

"अगं, हा जरा डावीकडे गेलाय."

"मग?"

"काही नाही."

त्यांनी जाड बाजूने एक बारीक घास घेतला, वडा लांब धरून पाहिला, आणखी एक घेतला, पुन्हा पाहिला. तिसऱ्या घासाला भोक मधोमध आलं. मग त्यांनी तो वडा खाल्ला नाही, जपून झाकणावर ठेवला आणि दुसरा घेतला.