एकशेवीस तासांचे उपकार

प्रति,
मा. क्रिएटिव्ह डायरेक्टर साहेब,
(एजन्सीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. फुकटात कुणाची प्रसिद्धी करायची नसते, हे तुम्हीच शिकवलंत.)



पत्रास कारण की, तुम्ही पाठवलेलं अनुभव प्रमाणपत्र काल पोचलं. कागद जाड आहे, कडेला सोनेरी नक्षी आहे आणि माझं आडनाव चुकलेलं आहे. आईने ते वडखळ नाक्यावरच्या आमच्या टपरीवर वालाच्या डब्याला टेकवून ठेवलंय. येणारं-जाणारं गिऱ्हाईक त्याच्याकडे बघतं आणि विचारतं, "वाल केवढ्याला?"

साहेब, तुमचे उपकार मोठे. नव्या शैक्षणिक धोरणाने आम्हां तिसऱ्या वर्षाच्या पोरांच्या गळ्यात 'ऑन जॉब ट्रेनिंग' बांधलं. ४ क्रेडिट, एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे एकूण १२० तास. मास मीडियाची मुलगी म्हणून मी तुमच्या वाशीच्या काचेच्या ऑफिसात आले. कागदावर रोजचे सहा तास, म्हणजे वीस दिवस. वडखळहून पनवेलपर्यंत एसटी आणि पुढे लोकल, असे जायला दोन तास आणि यायला दोन. नाक्यावर गर्दी असली तर मग देवाची इच्छा. अशा प्रवासाचे ८० तास झाले, त्यांना क्रेडिट नाही. मार्च २०२३पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे म्हणून हे सगळं परवडलं. थोडक्यात, तुमच्या एजन्सीतल्या माझ्या शिक्षणावर घरच्यांखेरीज कुणी पैसे खर्च केले असतील, तर ते महाराष्ट्र शासनाने.

मानधनाचं विचारल्यावर तुम्ही हसून "एक्स्पोजर" म्हणालात. हायवेच्या कडेला बसून दिवसभर ऊन, धूळ आणि ट्रेलरचा धूर खाण्याला इतका देखणा शब्द आहे, हे मला माहीत नव्हतं. घरी येऊन आईला सांगितलं की तुझं तीस वर्षांचं एक्स्पोजर आहे. तिने विचारलं, त्याचे पैसे कुठे मिळतात?

सगळा दोष तुमचाच म्हणत नाही. २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावीवाल्याला महिना ६ हजार, आयटीआय किंवा पदविकावाल्याला ८ हजार, पदवीधराला १० हजार. अट अशी की शिक्षण चालू नको. त्याच वर्षी केंद्राची प्रधानमंत्री इंटर्नशिप योजना आली, महिना ५ हजारांची. तिलाही पूर्णवेळ शिकणारा चालत नव्हता. शिकून घरी बसलेल्याला शिकण्याचे पैसे आणि शिकता शिकता राबणाऱ्याला जाड कागद, अशी ही वाटणी होती. तुम्ही बिचारे राष्ट्रीय धोरणच पाळत होतात.

आता काय काय शिकले, त्याचा हिशेब देते.

पहिल्या दिवशी तुम्ही म्हणालात, "इथे आपण ब्रँडची गोष्ट सांगतो." मग मला एक्सेलमध्ये दुकानदारांचे मोबाइल नंबर चढवायला बसवलंत. आठ दिवस मी ती गोष्ट चढवली. गोष्टीत पात्रं भरपूर होती, पण सगळ्यांची नावं नव्वद-अठ्ठ्याण्णवपासून सुरू होत होती.

दुसऱ्या आठवड्यात तुम्ही 'टार्गेट ऑडियन्स' समजावून सांगितलंत. पडद्यावर रंगीत गोल काढलेत. मला मात्र आई दिसत होती. गाडी नाक्यावर मंदावली की ती आधी नंबरप्लेट बघते. एमएच १२ असेल तर पुणेकर, भाव आधी विचारणार, म्हणून हातात वालाचं माप घ्यायचं. एमएच ४३ म्हणजे नवी मुंबई, घाईत असतात, पाकिटं पुढे करायची. एमएच ०६ म्हणजे आपलाच, पेणच्याच आरटीओचा, त्याच्यापुढे नाटक करायचं नाही. काच खाली येऊन परत वर जाईपर्यंत अर्धा मिनिट मिळतो. तेवढ्यात ती पांढऱ्या कांद्याची पाकळी सोलून गाडीतल्या बाईच्या हातावर ठेवते आणि म्हणते, "गोर हाय गो बाय, चाखून बघ." तुमच्या त्या रंगीत गोलांत चाखून बघायची सोय कुठे होती, ते काही मला सापडलं नाही.

मग व्हिला आला. अलिबागच्या पुढे, समुद्राकाठी. त्याला चांगले अभिप्राय हवे होते आणि राहून गेलेली माणसं पुरेशी नव्हती. तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारून म्हणालात, "तू त्या भागातली आहेस, तुझ्या लिहिण्यात खरेपणा येईल." त्या दुपारी मी चौदा माणसं झाले. नवविवाहित जोडपं झाले, कोथरूडचे निवृत्त काका झाले, कुत्रा घेऊन फिरणारी आयटीवाली झाले. समुद्रावरचा सूर्योदयही एकदा लिहून बसले. आपला समुद्र पश्चिमेला आहे हे मला नंतर आठवलं. तुम्हाला आठवलंच नाही, तो अभिप्राय तसाच गेला.

निवृत्त काकांच्या तोंडी मी एक वाक्य घातलं होतं: "वडखळला दीड तास गर्दीत अडकलो, पण पोचल्यावर शीण गेला." चौदा अभिप्रायांत खरं असं हे एकच वाक्य. तुम्ही तेवढंच खोडलंत. म्हणालात, "निगेटिव्ह वाटतं." आमच्या हायवेच्या पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या रुंदीकरणाला २०११ साली हात लागला, तेव्हा मी बालवाडीत होते. त्या रस्त्याच्या कडेला दप्तर घेऊन मी तिसऱ्या वर्षापर्यंत पोचले. ते सगळं तुम्ही एका बटणात पुसलंत, तेव्हा जाहिरातीची ताकद मला पहिल्यांदा कळली.

कॉलेजात शिकलेलं आठवून मी भीतभीत म्हटलं, सर, भारतीय मानक ब्युरोने २०२२ साली ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० नावाचं मानक काढलंय. तुम्ही विचारलंत, सक्तीचं आहे का? मी म्हटलं, ऐच्छिक आहे. तुम्ही म्हणालात, "मग आपली इच्छा नाही." कायद्याचा इतका सरळ अर्थ लावणारा माणूस मी पाहिला नव्हता.

त्याच व्हिलाच्या पानावर 'फक्त २ खोल्या शिल्लक' अशी लाल पट्टी आणि उलटं धावणारं घड्याळ लावायचं काम मला मिळालं. पान पुन्हा उघडलं की घड्याळ परत पंधरा मिनिटांवर. नको म्हणायच्या बटणावर लिहिलं होतं, 'नको, मला कुटुंबाच्या आनंदाची पर्वा नाही'. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा तेरा फसव्या युक्त्या नावानिशी मोजून त्यांना मनाई केली. यादीत पहिली खोटी घाई आणि तिसरी नको म्हणणाऱ्याला लाजवणं. एकाच पानावर दोन्ही बसवून तुम्ही माझा बराच वेळ वाचवलात.

आमचा नाका काही देवळाचा गाभारा नाही, साहेब. बाहेरगावचा पांढरा कांदा आणून अलिबागचा म्हणून खपवणारे आमच्याकडेही आहेत. अलिबागच्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तसे त्याचे सोयरेही वाढले. पण आई जेव्हा "शेवटची माळ" म्हणते, तेव्हा मागचा बांबू रिकामा असतो आणि गिऱ्हाईकाला तो दिसतो. कांदा सडका निघाला तर तेच गिऱ्हाईक पुढच्या शनिवारी त्याच टपरीसमोर गर्दीत अडकतं. रस्ता सोडून मांडव्याच्या बोटीने गेलं तरच आईची सुटका. तोंड दाखवायची ही सोय तुमच्या धंद्यात नाही. तुमचे काका, जोडपं आणि कुत्रा पुन्हा कुणाला भेटायचे नाहीत.

निरोपाच्या दिवशी तुम्ही कळवळून म्हणालात, "तुमच्या भागाला ब्रँड नाही, हीच अडचण आहे." बरोबर आहे. भाद्रपद जवळ आला की मुंबई-ठाण्यात कोपऱ्याकोपऱ्यावर 'पेणच्या गणेशमूर्ती मिळतील' अशा पाट्या लागतात, त्या कुठल्या एजन्सीने लावल्या, तेवढं कळवा. हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांत मूर्तीचे डोळे रेखणाऱ्या हातांना लोगो नाही, घोषवाक्य नाही. पण मूर्ती पेणची नसली तरी विकणारा ती पेणचीच म्हणून सांगतो. याहून मोठा ब्रँड कसा असतो, ते तुमच्या रंगीत गोलांत असेल तर बघा.

तरीही आभार मानते. माझे १२० तास फेब्रुवारी-मार्चमध्ये आले. ऐन कांद्याच्या मोसमात माळा गुंफायला आईला हात कमी पडले. तो तोटा आम्ही एक्स्पोजरमध्ये धरला आहे.

कळावे, लोभ असावा. (मानधन नव्हतं, तेव्हा लोभच असू द्या.)

आपली,
आडनाव चुकलेली प्रशिक्षणार्थी,
वडखळ नाका, ता. पेण, जि. रायगड

ता.क. पत्र पाकिटात घालत होते तेवढ्यात एक एमएच १२ टपरीसमोर थांबली. बाईंनी दोन माळा घेतल्या आणि मोबाइल पुढे करून विचारलं, "हा व्हिला कसा आहे हो? लोकांनी फार छान लिहिलंय." आई म्हणाली, "हिला विचारा, ही त्यांच्याकडेच कामाला होती." बाई माझ्याकडे बघायला लागल्या. पडद्यावर कोथरूडचे काका होते, एक वाक्य कमी असलेले. मी म्हटलं, "व्हिला मी पाहिलेला नाही, ताई. वडखळला दीड तास अडकाल, एवढं मात्र नक्की."

त्या हसल्या. "ते बघतोच आहोत," म्हणाल्या आणि काच वर केली. गाडी मात्र बराच वेळ तिथेच होती.