अपॉस्ट्रॉफीवाले सर

रात्री सराफ्यातल्या सोन्या-चांदीच्या दुकानांची शटरं खाली येतात, त्यांच्याच ओट्यांपुढे कढया चढतात आणि सारं इंदूर खायला लोटतं. सगळ्यांच्या माना दोन्यात घातलेल्या. वर फक्त एकाची. ते आमचे इंग्रजीचे निवृत्त सर. रामबाग असो की लोकमान्यनगर, इंदुरातल्या प्रत्येक मराठी वस्तीच्या वाट्याला असे एक सर आलेले आहेत. लोक इथे भुट्ट्याचा कीस खायला येतात, सर पाट्या तपासायला. कीस आपला जाता जाता.

एका गाडीवर 'डोसाज' लिहिताना एसच्या आधी अपॉस्ट्रॉफी ठोकलेली. सर थबकले.

"भिया, डोसे का क्या?"

"चटनी-सांभर, साब. और क्या!"

सरांनी कपाळाला हात लावला. मालकीचं चिन्ह साध्या अनेकवचनाला लावणं हा त्यांच्या लेखी दखलपात्र गुन्हा.

मग गराडू तळून होईपर्यंत शिकवणी. मालक एक असेल तर चिन्ह एसच्या आधी, अनेक असतील तर एसच्या नंतर. पण 'चिल्ड्रन', 'विमेन' ही अनेकवचनं एसविनाच होतात, म्हणून तिथे पुन्हा आधी. जीरावन भुरभुरणारा पोरगा मान डोलावतो आणि त्या नादात दुप्पट जीरावन पडतं. सर ठसकतात, पण नियम पुरा करतात.

5 सप्टेंबरला जुने विद्यार्थी शुभेच्छा पाठवतात. 'टीचर्स डे'त चिन्ह एसच्या आधी दिसलं की सरांचा फोन : "एकाच शिक्षकाचा दिवस? कोणाचा रे?" 'मदर्स डे'ला मात्र ते आधीच लागतं, अमेरिकेत तो दिवस सुरू करणाऱ्या अ‍ॅना जार्विसबाईंचा आग्रहच होता की ज्याने त्याने आपल्या एका आईचा मान करावा. हे ऐकवल्याशिवाय फोन खाली ठेवला जात नाही. इंग्लंडात जॉन रिचर्ड्स नावाच्या गृहस्थांनी 2001 साली या चिन्हाच्या रक्षणासाठी संस्था काढली आणि 2019 मध्ये, वयाच्या 96व्या वर्षी, अडाणीपणा नि आळस जिंकला म्हणत ती मिटवली. त्या रात्री सरांनी मावाबाटी वर्ज्य केली. दहीबडा खाल्ला, पण शोकाकुल होऊन.

एकदा मी विचारलं, "सर, 'ज्वेलर्स मार्केट'चं काय?"

"सराफ अनेक, तेव्हा एसच्या नंतर!"

शेजारचा जलेबीवाला म्हणाला, "दिन में उनका, साब. रात में हमारा."

पाळीपाळीच्या मालकीला सरांच्या व्याकरणात नियम नव्हता. त्यांनी जलेबी मागवली.

मराठीत मालक एक की अनेक, हे एक अनुस्वार सांगतो, त्याच्याकडे सरांचं कधी लक्ष गेलं नाही. मुलाच्या लग्नपत्रिकेची इंग्रजी बाजू त्यांनी भिंग लावून तपासली. मराठी बाजूवर 'आमच्या मुलांच्या विवाहास' छापून आलं. मुलगा एकच. बऱ्याच नातेवाइकांनी दोन-दोन आहेर आणले. सरांनी छापखान्याला चकार शब्दाने दोष दिला नाही. आहेरही परत केले नाहीत.